‘तर’, ‘पण’, ‘मात्र’: अडलेल्या शब्दाचा अर्थ वाक्यातच शोधा

आजचा एपिसोड छोटा आहे, पण घरात एखादा कायदेशीर कागद समोर आला की नक्की कामाला येईल.

समजा, मृत्युपत्रात असं वाक्य आहे: ‘राहता फ्लॅट आणि गावची शेतजमीन पत्नीला मिळेल, तर सर्व जंगम मालमत्ता दोन्ही मुलांत समान वाटली जाईल.’

आता ‘जंगम’ म्हणजे काय? पटकन ‘जंगल’ आठवतं, पण ते इथे बसत नाही. त्या छोट्याशा ‘तर’कडे बघा. हा जर-तरमधला ‘तर’ नाही, कारण आधी ‘जर’च नाही. हा दोन गोष्टी समोरासमोर ठेवणारा ‘तर’ आहे. एका बाजूला फ्लॅट आणि जमीन, म्हणजे जागची न हलणारी, स्थावर मालमत्ता. मग दुसऱ्या बाजूला काय उरलं? हलवता येणारी: दागिने, रोख रक्कम, गाडी. झालं, जंगम!

‘पण’, ‘मात्र’, ‘उलट’, ‘ऐवजी’, ‘एरवी’ हे शब्दही असंच काम करतात. ‘आजोबा मितभाषी, पण आजी बोलायला लागली की थांबतच नाही.’ मितभाषी म्हणजे कमी बोलणारे, हे आजीमुळे कळलं. इथे खूण नंतर आली. म्हणून शब्द अडला तरी वाक्य संपेपर्यंत वाचत जा.

एक सावधगिरी. ‘तो रागीट नाही, पण हेकट आहे.’ इथे रागीटच्या उलट शांत, म्हणून हेकट म्हणजे शांत, असा हिशोब केलात तर फसाल. ‘रागीट नाही’ हे कौतुक झालं, त्यामुळे ‘पण’नंतर खोड येणार. एवढं कळतं. ती खोड कोणती, हे ‘पण’ सांगत नाही. हेकट म्हणजे आपलंच खरं करणारा, हे कोशातच बघावं लागतं.

गोष्ट वाचताना असा अंदाज पुरतो. सही करायच्या कागदावर पुरत नाही. बँकेतल्या ठेवी आणि शेअर्स हातात धरून हलवता येत नाहीत, तरी कायद्याने ती जंगम मालमत्ताच. हे कुठल्याही ‘तर’मधून कळणार नाही. तेव्हा आधी अंदाज बांधा, मग भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश बघा किंवा वकिलाला विचारा, आणि मगच सही करा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!