हंगामापुरती माणसं

दिवाळी सरता सरता धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे रिकामे होऊ लागतात. अंथरुणं, भांडी, तान्ही पोरं ट्रकमध्ये चढतात आणि गाड्या बारडोलीकडच्या उसाच्या फडांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच संपलेली असते.

या जाण्याला आपण ‘हंगामी स्थलांतर’ म्हणतो. ‘हंगामी’ हा शब्द वाटतो तेवढा साधा नाही. त्याची किंमत खानदेशातल्या बायकांनी फार पूर्वी मोजली आहे.

हे पाडे ज्या नंदुरबार जिल्ह्यात येतात, तो झाला 1998 साली. 1906 पूर्वी हा सगळा मुलूख अखंड खानदेश जिल्ह्यात होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861–65) इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कपाशीला कधी नव्हे असा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली. सरकी काढण्याचं काम घरच्या चरक्यावरून हळूहळू वाफेच्या जिनात गेलं. पावसाच्या आत रुईच्या गाठी बांधून मुंबईला धाडायच्या, म्हणून इंजिन थांबवणं मालकाला परवडत नसे.

इंजिन थांबत नव्हतं, त्यामुळे माणसालाही थांबता येत नव्हतं. मुंबई सरकारनं 1884 साली नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांची हकिगत आली. पहाटे चार-पाचला सुरू झालेलं काम रात्रीपर्यंत चाले. गर्दीच्या दिवसांत तर तीच माणसं आठ-आठ दिवस, दिवसरात्र राबत. त्यांत बायकाच जास्त. मजुरी तीन-चार आणे. उडणाऱ्या तंतूंनी कोंदलेल्या त्या शेडमध्ये हातांनी कपाशी भरवत बसलेली बाई डोळ्यांसमोर आणली, की ‘औद्योगिक प्रगती’ हा शब्द माझ्या लेखणीतून सहज उतरत नाही.

कायदा नव्हता असं नाही. 1881 चा फॅक्टरी कायदा होता. पण तो शंभरांहून कमी मजुरांच्या किंवा वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता. बहुतेक जीन त्यातून आपोआप सुटले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, सह्यांचे अर्ज केले, 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. गिरणी बारमाही होती, कामगार एकाच चाळीत राहत. जीन बंद झाला की बाया आपापल्या गावी पांगत, त्यांना एकत्र आणायचं तरी कुठे? 1891 साली बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली, तरी चार महिन्यांची पळवाट राहिलीच. ती बुजली 1911 मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

उसाचा फड ही आजची तशीच पळवाट: तो कारखान्याच्या फाटकाबाहेर असतो. तोडणारी माणसं मुकादमामार्फत येतात, कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांची नावं नसतात. हंगाम संपला की उचल आणि खावटी वजा होऊन हिशोब होतो. पोरांची शाळा मात्र दिवाळीलाच सुटलेली असते. पहाटेच्या गारठ्यात नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मुकादमाच्या वहीत ती दोघं मिळून ‘एक कोयता’.