रंगीत पाखराची ओळख

कोल्हापूरच्या परिसरात एखादे अनोळखी रंगीत पाखरू दिसले, की आपली नजर प्रथम रंगावर जाते आणि नेमका तोच फसवतो. तारेवर बसलेला नीलपंख मातकट भासतो. तो उडाला म्हणजे पंखांतील निळाई उघडी पडते. ही निळाई रंगद्रव्याची नव्हे, पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरल्याने ती निर्माण होते. जांभळ्या शिंजिराची झळाळीही प्रकाशाचीच किमया. सावलीत तो निव्वळ काळा दिसतो. विणीचा हंगाम सरला की हाच नर मादीसारखा फिका होतो, केवळ गळ्यापासून पोटाकडे एक गडद पट्टा उरतो. स्वर्गीय नर्तकाचा प्रौढ नर शुभ्र, फितीसारख्या लांब शेपटीचा. मादी व तरुण नर मात्र तांबूस. नवख्याला हे दोन निराळे पक्षी वाटावेत, यात नवल नाही.

म्हणून आम्ही हौशी निरीक्षक वहीत रंग शेवटी लिहितो. आधी आकार: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच. खंड्याची भाल्यासारखी, तांबटाची जाड, वेड्या राघूची बारीक व किंचित वाकलेली. (हा पक्षी वेडाही नाही आणि राघूही नाही, उडते कीटक अचूक टिपणारा तो शिकारी आहे.) त्यानंतर जागा, आवाज आणि महिना. तलावाकाठच्या पाणवनस्पतींतून चालणारी जांभळी पाणकोंबडी राधानगरीच्या दाट रानात शोधायची नसते. जागेवरूनच निम्मी नावे गळतात. नवरंग पालापाचोळ्यात किडे वेचतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पहाटे व सांजवेळी दोन सुरांची शीळ घालतो. त्याचे नऊ रंग पाहण्याआधी ती शीळच ओळखावी लागते. डॉ. सालिम अली यांचे १९४१ सालचे पुस्तक किंवा मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ नोंद पूर्ण झाल्यावरच उघडावा. चित्र आधी पाहिले की डोळे तेच पाहू लागतात.

नाव आणि पक्षी यांची जोडी जुळवण्याचा हा प्रश्न जुनाच आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी कोरविली. तीत शुक, सारिका, चक्रवाक, हंस यांच्यासोबत ‘गेलाट’ हे नाव आहे. चक्रवाक हे नारिंगी बदक आजही हिवाळ्यात महाराष्ट्रात उतरते. गेलाट म्हणजे नेमका कोणता पक्षी, यावर मात्र विद्वानांचे एकमत नाही. अभय मिळालेल्या जिवाची ओळखच पुसली गेली, ही गोष्ट आम्हांला फार बोचते.

पालकांनी एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. पक्षी विकणारे लोक साध्या मुनियांना हिरवा, गुलाबी, पिवळा रंग फासतात आणि मुले हट्ट धरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडील रानपक्षी पकडणे व विकणे हा गुन्हा आहे. पहिले शील पाळणाऱ्या घरात तर असा पिंजरा येऊच नये. रंग असमान असेल, पायांवर व चोचीच्या कडेला डाग दिसत असतील, तर पुस्तक चाळण्याऐवजी वनविभागाला कळवावे. पिसे गळून नवी आली, की त्या पाखराचा मूळचा तपकिरी रंग परत येतो, अर्थात तोवर ते जगले तर.