पत्रिकेवरचं सोनं

लग्नपत्रिकेवर झळकणाऱ्या गणपतीत सोनं नसतं; असतो ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. सोनेरी छटा त्यावरच्या रंगीत लॅकरची. हे सारं साधारण १२ मायक्रॉनच्या पॉलिएस्टर फिल्मवर चढवलेलं असतं. पितळी किंवा मॅग्नेशियमचा ब्लॉक शंभर अंशांच्या वर तापवून दाबला, की फॉइल कागदाला चिकटतं आणि फिल्म सुटून येते.

देवनागरीची खरी कसोटी बारीक टायपात. ‘ब’ आणि ‘ष’ यांचं पोट फॉइलने बुजतं, अक्षराचा नुसता गोळा होतो. म्हणून वधूवरांची नावं तरी ठसठशीतच हवीत. खरबरीत हातकागदावर फॉइल तुटक बसतं. तिथे बिनरंगी एम्बॉसिंग कितीतरी देखणं!

फॉइलची लेटरहेड लेझर प्रिंटरमध्ये घालणार असाल, तर छपाईवाल्याला आधीच सांगा. आतल्या उष्णतेने साधं फॉइल सुटू शकतं.