कागदावर ‘संस्थान भोर’, गाव मात्र घाटाखाली! बेने इस्रायली कुटुंबाची वंशावळ कशी शोधायची? समजून घ्या

आजोबांच्या जुन्या कागदावर ‘संस्थान भोर’ लिहिलेलं असेल, तर वंशावळ शोधणारा माणूस साहजिकच भोर किंवा वेल्ह्याचं तहसील कार्यालय गाठतो. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबांच्या बाबतीत मात्र हा हेलपाटा वाया जाऊ शकतो. असं का?

भोर म्हणजे नेमकं कुठलं?

भोर हे पंतसचिवांचं संस्थान. आजचा भोर तालुका आणि वेल्ह्याचा (आता राजगड तालुका) बराच भाग त्यात होता. पण घाट उतरल्यावर लागणारा सुधागड तालुका, म्हणजे पालीचा परिसरही भोरचाच होता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. भोर-वेल्हे पुणे जिल्ह्यात राहिले, सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला. १९८१ मध्ये कुलाब्याचं रायगड झालं. बेने इस्रायलींची मूळ गावं प्रामुख्याने याच कोकणपट्टीत आहेत. त्यामुळे १९४८ पूर्वीच्या कागदावर ‘भोर’ दिसलं, तर तालुक्याचं आणि गावाचं नाव आधी वाचा. सुधागड असेल, तर शोध पालीला घ्यावा लागेल.

पुरावा लागतो कशाला?

इस्रायलच्या कायद्यानुसार आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असेल, तरी तिथे स्थायिक होण्याचा हक्क मिळतो. पण ते नातं सिद्ध करावं लागतं. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांचे पूर्वज तपासण्याचा आदेश काढला होता. त्याविरोधात समाजाने आंदोलन केलं. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं स्पष्ट केलं. कागद नसणं किती महागात पडतं, हे समाजाने तेव्हा अनुभवलं.

नाव कोणतं शोधायचं?

दिवेकर, पेणकर, नवगावकर ही आडनावं गावावरून आली. नावं मात्र दोन रूपांत सापडतात. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये उभारणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर. त्यामुळे दोन्ही रूपं शोधा. अनेकांनी पुढे आडनाव सोडून वडिलांचं नावच लावलं, हेही लक्षात ठेवा. तेल गाळण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवारच्या सुट्टीमुळे समाजाला ‘शनिवार तेली’ म्हणत. मात्र रकान्यात नुसतं ‘तेली’ असेल, तर तो पुरावा ठरत नाही.

गावच्या दप्तरात काय मिळतं?

कुणबी नोंदींच्या शोधात चर्चेत आलेलं ‘कोतवाल बुक’, म्हणजे गाव नमुना १४, इथेही कामी येतं. त्यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. घराण्याची जमीन असेल, तर जुने फेरफार पाहा. वारस नोंदीत बाप-लेकांची साखळी मिळते. जुन्या नोंदी मोडीत असल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

मायक्रोफिल्म म्हणजे काय?

कागद जीर्ण होण्याआधी त्याचे बारीक फोटो फिल्मच्या रिळावर घेतले जातात. अमेरिकेतल्या युटाची वंशावळ संस्था १९३८ पासून जगभर हे काम करत आली. आता ‘फॅमिलीसर्च’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने २०२१ मध्ये सुमारे २४ लाख रिळांचं डिजिटायझेशन पूर्ण केलं. खातं मोफत आहे. मात्र सर्वच पानांची नावानुसार सूची झालेली नाही. नाव टाकून काही मिळालं नाही, तर कॅटलॉगमध्ये ठिकाण निवडा आणि पानं एकेक करून चाळा. काही फिल्म्स घरून दिसत नाहीत, संस्थेच्या केंद्रातच पाहता येतात. जेरुसलेममधल्या ज्यू इतिहासाच्या केंद्रीय अभिलेखागारातही विविध देशांतल्या ज्यू समाजांच्या कागदपत्रांच्या मायक्रोफिल्म आहेत.

थडग्यावरची तारीख कशी वाचायची?

हिब्रू वर्षातून ३७६० वजा करा. म्हणजे ५७०८ हे साधारण १९४८. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे त्यानंतर डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर ३७६१ वजा करा. दगडावरची अक्षरं झिजतात, म्हणून फोटो आजच काढून ठेवा.

सुरुवात कुठून करायची?

घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून. गावाचं नाव, पणजोबांचं घरातलं नाव आणि लग्न कोणत्या सिनेगॉगमध्ये झालं, या तीन गोष्टी लिहून घ्या. लग्नाचा करारनामा, म्हणजे ‘केतुबा’, घरात असेल तर तो आधी स्कॅन करा. त्यात वर-वधूच्या वडिलांची नावं असतात. एवढं हाताशी असेल, तर भोरला जायचं की पालीला, हे निघण्याआधीच ठरवता येईल.