पायाखालचे पाणी

लग्नाला तीस वर्षे झाली म्हणून मुलाने आणि सूनबाईने मालदीवची तिकिटे हाती ठेवली, तेव्हा आनंदाआधी मला धास्तीच वाटली. सोबतच्या चित्रात समुद्रात खांबांवर उभी असलेली एक कुटी होती आणि तिच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या घराच्याही पायऱ्या पाण्यातच उतरत होत्या. तसल्या घरात पैसे मोजून राहायला जायचे, ही कल्पनाच मनाला पटेना. मुलांच्या उत्साहापुढे मात्र काही बोलवले नाही. हळदीचा हंगाम सुरू होण्याआधी, डिसेंबरात, आम्ही उभयता निघालो.

मुंबईहून मालेपर्यंतचा प्रवास लहानच आहे. तेथून पुढे सागरी विमान. पंधरा-सोळा माणसांचे हे विमान पाण्यावरूनच उडते आणि पाण्यावरच उतरते. त्याचे वैमानिक अनवाणी बसलेले पाहून यांना पहिल्यांदा हसू आले. वरून पाहिले, तर गडद निळाईत फिकट हिरवी कंकणे मांडून ठेवल्यासारखी दिसतात. प्रवाळांच्या या कंकणांना जग ‘अ‍ॅटॉल’ म्हणते. तो शब्द मालदीवच्या दिवेही भाषेतून आलेला आहे. सुमारे १,२०० बेटांचा हा देश, आणि त्यातील बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटरभर उंच. एके काळी येथील कवड्या जहाजे भरभरून बंगालात जात व तेथे नाणे म्हणून चालत. ‘कवडीमोल’ म्हणताना आपण कोणत्या समुद्राचे नाव घेतो, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते.

पाण्यावरच्या या कुट्या मूळच्या मालदीवच्या नव्हेत. प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियात, रायाटेआ बेटावर, तिघा अमेरिकन मित्रांनी १९६७ मध्ये त्या प्रथम बांधल्या. त्यांच्या हॉटेलला चांगला वाळूचा किनारा नव्हता, म्हणून त्यांनी खोल्याच पाण्यावर नेल्या. उणीव झाकण्यासाठी काढलेली युक्ती पुढे जगभरच्या नवविवाहितांचे स्वप्न होऊन बसली! मालदीवमध्ये पहिले पर्यटन निवास १९७२ साली सुरू झाले. तेथील कुट्या त्यानंतरच्या.

आमची कुटी लाकडी पुलाच्या अगदी टोकाशी होती. जमिनीत एक जाड काच बसवलेली, तिच्याखाली दिवा. आसपासचे सगळे प्रवासी पंचविशीतले; त्यांच्यात आम्ही दोघे जरा विजोडच दिसत होतो. खाण्याची चिंता मात्र लवकर मिटली. त्या बेटावरचे घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, त्यामुळे सूर्यास्त सातच्या सुमारास होतो आणि भोजनगृह उघडते त्यानंतर. स्वयंपाकघरातील एका केरळी तरुणाला आमची अडचण सांगितली. रोज साडेपाचला कांदा-लसणाविना, कंदमुळाविना गरम जेवण दाराशी येऊ लागले. मासेमारीच्या सहलीला आम्ही नकार दिला. प्रवाळ पाहायला मात्र उथळ पाण्यात उतरलो. ‘दगड समजून पाय ठेवू नका, तो जीव आहे,’ असे वाटाड्याने बजावले, तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिले. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून येथील पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले, असेही तो म्हणाला.

हे सारे दिवसाचे. रात्र निराळी होती. दिवे मालवले की फळ्यांखाली पाणी खांबांवर आपटू लागे, आणि तो आवाज मला चांगला ओळखीचा होता. दुसऱ्या रात्री जाग आली, तेव्हा हे काचेपाशी मांडी घालून बसले होते. दिव्याभोवती बारीक मासे फिरत होते.

“झोप येत नाही का?” मी विचारले.

“आईला त्या दिवशी सकाळीच हलवायला हवं होतं,” हे म्हणाले. वर पाहिले नाही. “महापालिकेची गाडी भोंगा वाजवत गेली होती. मी ऐकलं होतं. पण मी हळदीची पोती माळ्यावर चढवत बसलो.”

सासूबाईंना आम्ही रात्री नावेतून बाहेर काढले होते, भर पावसात. चौऱ्याऐंशी वर्षांचे शरीर. न्यूमोनिया झाला आणि पंधरवड्यात त्या गेल्या. त्या दिवसाविषयी घरात पुष्कळ बोलणे झाले: पाणी किती चढले, नाव कोणाची होती, किती पोती भिजली. सकाळच्या भोंग्याविषयी मात्र हे कधी बोलले नव्हते.

“भोंगा मीही ऐकला होता,” मी म्हणाले. “मी भांडी वर चढवत होते. म्हटलं, दुपारी बघू.”

पुष्कळ वेळ आम्ही दोघे तसेच बसून राहिलो. सांगलीच्या घरात हे बोलणे झाले नसते, असे मला वाटते. तेथे दुकान आहे, मुले आहेत, भिंतीवर सासूबाईंची तसबीर आहे. येथे चार भिंती, एक काच आणि खाली पाणी, एवढेच होते.

सकाळी खोली आवरायला येणारा मुलगा तिथल्याच एका बेटावरचा होता. मी त्याला विचारले, तुम्हाला या पाण्याची भीती वाटत नाही का? २००४ च्या त्सुनामीत त्याच्या आजोळी घरात कमरेइतके पाणी शिरले होते. एका बेटावर तर राहण्याजोगे काहीच उरले नाही, तिथल्या सगळ्या गावाला दुसऱ्या बेटावर वसवावे लागले. “वाटते,” तो हिंदीत म्हणाला, “पण जाणार कुठे?” आणि चादर ताणून बसवू लागला.

शेवटच्या संध्याकाळी मी पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले. हे शेजारी बसले होते. पाणी कोमट होते.

परतताना मालेला यांनी घड्याळ एक तास मागे घेतले, मुंबईत उतरल्यावर पुन्हा अर्धा तास पुढे केले. सामान येईपर्यंत फोन काढला. मला वाटले, बाजारभाव विचारतील. पण फोन थोरल्या वन्संना होता. “अक्का,” हे म्हणाले, “रविवारी घरी आहेस ना? जरा बोलायचं होतं. आईविषयी.”