आधी मुलांना विचारा

चर्चच्या युवाकार्यात मोठ्यांनी शिकवायचे आणि मुलांनी ऐकायचे, ही सर्वत्र रुळलेली रीत आहे. ती उलटी करून पाहणाऱ्यांत बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन (१८८२–१९६७) यांचे नाव आधी घ्यावे लागते. कष्टकरी घरातला हा मुलगा सेमिनरीत गेला आणि सुटीत घरी परतला, तेव्हा कारखान्यांत लागलेले त्याचे शाळासोबती त्याला परक्यासारखे वागवू लागले होते. फादर होणारा मुलगा त्यांच्या लेखी मालकांच्या पंगतीत जाऊन बसला होता. ही सल कार्डाइनना जन्मभर पुरली.

१९१२ साली त्यांची नेमणूक ब्रसेल्समधल्या लाकेन या धर्मग्रामात झाली. तिथल्या शिलाईकाम करणाऱ्या अल्पवयीन मुलींना त्यांनी एकत्र आणले. उपदेश नंतर, आधी मुलांनी आपल्या दिवसाचा हिशेब मांडायचा, ही पद्धत पुढे याच कामातून घडत गेली. कामावर किती वाजता जाता, हातात किती पडतात, उमेदवारीत हुन्नर शिकवतात की नुसती वरकामे सांगतात, अशा धाटणीचे हे प्रश्न. त्यांची उत्तरे प्रवचनपीठावर उभे राहून कळण्याजोगी नव्हती, आणि धर्मशास्त्राच्या ग्रंथांत तर नव्हतीच.

१९२५ मध्ये यातूनच ‘तरुण ख्रिस्ती कामगार’ ही चळवळ उभी राहिली. तिचे सूत्र तीन शब्दांचे: पाहा, पारखा, करा. समजा, एका नव्या पोराची कारखान्यात टिंगल होते. गटातला एखादा मुलगा ते सांगतो. नेमके काय घडले, कोण बोलले, कोण गप्प राहिले, हे आधी खोदून काढायचे. मग ते शुभवर्तमानाच्या कसाला लावायचे. शेवटी प्रत्येकाने उद्या करता येईल असे एक काम पत्करायचे, मग ते जेवणाच्या सुटीत त्या पोराशेजारी जाऊन बसण्याएवढे का असेना. पुढच्या बैठकीत झाले की नाही, ते सांगायचे. मोठ्यांच्या समित्या ठरावाने सुरू होतात आणि चहाने संपतात. त्यांनी उचलावी अशी गोष्ट म्हणजे पुढच्या बैठकीत हिशेब देण्याची ही शेवटची पायरी.

यात फादरांच्या वाट्याला सर्वांत अवघड काम येते, ते गप्प बसण्याचे. उत्तर ठाऊक असले तरी मुलाला ते सापडेपर्यंत थांबायचे. चळवळीचे पहिले पुढारीही पोरवयातच कार्डाइनना भेटलेले होते. त्यांतल्या फर्नांड टोने आणि पॉल गार्से या दोघांचा १९४५ साली नाझींच्या डाखाउ छळछावणीत अंत झाला.

कामगार पोरांच्या बैठकीतले हे सूत्र पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या आपल्या सामाजिक परिपत्रकात साऱ्या चर्चला सुचवले. कार्डाइन १९६५ मध्ये कार्डिनल झाले. खरे तर धाकट्यांचे ऐकण्याचा विचार जुनाच होता. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमांत महत्त्वाच्या सल्लामसलतीला सर्वांना बोलवावे असे म्हटले आहे, कारण अधिक चांगली वाट देव अनेकदा धाकट्यालाच दाखवतो.

भारतात हीच त्रिसूत्री ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या गटांत चालते. गटासोबतच्या प्रौढाला तिथे शिक्षक म्हणत नाहीत, ॲनिमेटर म्हणतात.

ऑक्टोबर २०१८ मध्ये रोममध्ये तरुणांविषयी बिशपांची धर्मसभा भरली. तरुण निमंत्रितांना सभागृहात बोलायला मिळाले. मतदान मात्र मोठ्यांनीच केले.