नाकारलेला आश्रय आणि न्यायालय

निर्वासितांच्या दर्जासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २८ जुलै १९५१ रोजी जिनीव्हा येथे संमत झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांवरून छळ होईल अशी साधार भीती बाळगून जो स्वदेशाबाहेर आहे आणि त्या देशाचे संरक्षण ज्याला घेता येत नाही, त्याला हा करार निर्वासित मानतो. परंतु अमुक मनुष्य या व्याख्येत बसतो की नाही, हे प्रथम ठरविते ते शासन. त्याने नकार दिला तर न्यायालयाला काय करता येते?

श्रीलंकेत जुलै १९८३ मध्ये तमिळविरोधी दंगली झाल्या आणि असंख्य तमिळ परागंदा झाले. त्यांपैकी सहा जणांचा आश्रयाचा अर्ज ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी नाकारला. सैन्याची कारवाई सशस्त्र बंडखोरांविरुद्ध आहे; तिची झळ सामान्य तमिळांना लागत असली, तरी केवळ तमिळ म्हणून त्यांचा छळ होत नाही, अशी शासनाची भूमिका होती. १९७१ च्या कायद्यानुसार अशा अर्जदारांना अपील करता येई, पण ते देश सोडल्यानंतरच. ब्रिटनमध्ये राहून अवलंबिता येण्याजोगा मार्ग एकच उरला, तो न्यायिक पुनर्विलोकनाचा.

अपील आणि पुनर्विलोकन यांतील भेद येथे ध्यानी घेतला पाहिजे. अपिलात पुरावा नव्याने तोलता येतो. पुनर्विलोकनात न्यायालय शासनाच्या जागी बसत नाही. कायद्याचा अर्थ बरोबर लावला काय, आवश्यक बाबी विचारात घेतल्या काय, निर्णय विवेकाला धरून आहे काय, एवढेच ते पाहते. अर्थात जेथे जीविताचा प्रश्न आहे तेथे निर्णयाची छाननी अत्यंत कसोशीने व्हावी, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने युगांडाच्या एका नागरिकाच्या प्रकरणी फेब्रुवारी १९८७ मध्ये बजावले होते.

तमिळांच्या प्रकरणात वादाचा मुद्दा ‘साधार’ या एका शब्दाचा होता. अर्जदाराची भीती खरी आणि त्याच्या परिस्थितीत समजण्याजोगी असली म्हणजे पुरे, असे अपील न्यायालयाने मानले. हाउस ऑफ लॉर्ड्सने १६ डिसेंबर १९८७ रोजी हा निर्णय फिरविला. भीतीला वस्तुस्थितीचा आधार हवा. मात्र छळ होईलच हे सिद्ध करण्याची गरज नाही, त्याची वाजवी शक्यता पुरेशी आहे, असे लॉर्ड कीथ यांनी प्रतिपादिले. कसोटी उदार होती, तरी अर्जदार हरले.

फेब्रुवारी १९८८ मध्ये त्यांपैकी पाच जणांना श्रीलंकेला परत पाठविण्यात आले. तेथे तिघांना वाईट वागणूक सोसावी लागली. दूरदेशातून चालविलेल्या त्यांच्या अपिलावर मार्च १९८९ मध्ये निकाल लागला, तो त्यांच्या बाजूने. त्यांची भीती साधार होती, असे अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने ठरविले आणि त्यांना ब्रिटनमध्ये परत येता आले.

स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मात्र ३० ऑक्टोबर १९९१ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ब्रिटनला दोषमुक्त केले. पाठवणीच्या वेळी जे ठाऊक होते त्यावरूनच धोका मोजावा लागतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुनर्विलोकन हा परिणामकारक उपाय असल्याचेही न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मान्य केले.

पुढे १९९३ च्या कायद्याने आश्रय मागणाऱ्यांना ब्रिटनमध्ये राहून अपील करण्याचा अधिकार दिला. निर्णय कायदेशीर असणे निराळे आणि तो अचूक असणे निराळे. ज्याला चुकीची किंमत स्वतःच्या देहाने मोजावी लागते, त्याची बाजू पाठवणीपूर्वी ऐकली जाण्यात या दोहोंतील अंतर कमी करण्याची खरी संधी असते.